जादूचं पाणी कुठून येतं?

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्यात कुणी घर बांधायला काढलं, की भेटणारा पहिला माणूस विचारतो, "पाण्याचं काय?" बोअर घेतला का, किती फुटांवर लागलं, मे महिन्यात टिकतं का. व्हिडिओ गेमसाठी जादूची दुनिया रचणाऱ्या मुलामुलींनी वहीत पहिला प्रश्न हाच लिहावा. जादू येते कुठून, पोचते कशी, आणि आटली की परत भरते कशी?

बहुतेक जण पहिल्याच प्रश्नात रमतात. देवांची युद्धं, फुटलेला चंद्र, शापित राजा, म्हणता म्हणता चार पानं भरतात. खेळणारा ती पानं बटण दाबून पुढं ढकलतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ऐन लढाईत उरलेली जादू दाखवणारी निळी पट्टी रिकामी झाली, की मात्र तो खडबडून जागा होतो. उगमाची कथा त्याला खरी वाटायची की नाही, ते तिथं ठरतं.

बेथेस्डा कंपनीची ‘एल्डर स्क्रोल्स’ ही गेममालिका घ्या. तिच्यातली कथा देखणी आहे. मॅग्नस नावाच्या देवानं मर्त्य जगाचा आराखडा काढला. काम सुरू झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हे जग उभारताना आपली शक्ती कायमची खर्ची पडणार. तो पळाला, आणि पळताना आभाळाला भगदाड पाडून गेला. ते भगदाड म्हणजे सूर्य. त्याच्या मागून पळालेल्यांनी लहान भोकं पाडली, त्या चांदण्या. पलीकडे एथेरिअस हा जादूचा लोक, तिथला उजेड या भोकांतून खाली झिरपतो. तीच जादू. तिला मॅजिका म्हणतात.

आता हिशेब बघा. याच मालिकेतल्या २००२ च्या ‘मोरोविंड’ या गेममध्ये मॅजिका आपोआप भरत नाही. औषध प्यायचं, नाहीतर झोपायचं. झोपेत तासाला पात्राच्या बुद्धीच्या आकड्याच्या ०.१५ पट मिळते. बुद्धी ५० आणि साठाही ५० असला, तर तासाला साडेसात. रिकामा हौद भरायला पावणेसात तास धरा. ‘ॲट्रोनाक’ राशीवर जन्मलेल्याला तर झोपूनही थेंब मिळत नाही. त्याचा साठा मोठा, पण औषध नसेल, तर शत्रूनं अंगावर टाकलेला मंत्र शोषला गेला तरच तो भरायचा, आणि तेही निम्म्याच वेळा. आपल्याकडचं शेततळंच म्हणा. खोदलंय मोठं, पण पाऊस पडेल तेव्हा.

त्याच मालिकेतल्या २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये घरोघर नळ आला. लढाई नसताना सेकंदाला साठ्याच्या ३ टक्के, लढाईत त्याचा तिसरा हिस्सा. ‘फ्लेम्स’ या ज्वाळेच्या मंत्राची मूळ किंमत सेकंदाला १४, म्हणजे १०० चा साठा सात सेकंदांत खलास. शांतपणी परत भरायला ३३ सेकंद, लढाईत १००. खेळायला हे सोयीचं, यात वाद नाही. पण जादू सूर्यातून येते म्हणता, मग मध्यरात्री आणि भर दुपारी भरण्याचा वेग एकच कसा? व्हॅम्पायर झालेल्या पात्राची मॅजिका उन्हात भरायची थांबते, तेवढ्यापुरता खेळाला सूर्य आठवतो.

याच खेळात एक भोक देवानं नाही, बेरजेनं पाडलंय. वस्तूंवर जादू चढवण्याचं कौशल्य पुरतं वाढवलं, की एका वस्तूवर ‘विध्वंस’ जातीचे मंत्र २५ टक्के स्वस्त करणारा गुण चढवता येतो. शिरस्त्राण, चिलखत, अंगठी, गळ्यातली माळ: चार वस्तू, चार वेळा २५. मंत्र फुकट! मग साठा, झोप, औषध कशालाच अर्थ उरत नाही. टक्के एकमेकांत मिळवले म्हणून हे झालं. तेच गुणले असते, म्हणजे ०.७५ चार वेळा, तर उरते ०.३१६. चौदाचा मंत्र साडेचारच्या आत-बाहेर पडला असता. स्वस्त, पण फुकट नाही. आपल्या गेममध्ये सवलत ठेवणार असाल, तर गुणाकारच ठेवा.

आता आपली दुनिया बांधू. समजा, जादू जमिनीखालच्या पाण्यासारखी आहे आणि गावाच्या बारवेत ६०० मात्रा आहेत. चार खेळाडू थेट बारवेतून मंत्र मारतात. प्रत्येक मंत्र १५ चा, दर तीन सेकंदांनी एक. उपसा सेकंदाला २०, पाझर २. वजा १८, म्हणजे ३३ सेकंदांत तळ दिसला. यात भांडण ठरलेलं, कारण ज्याचा हात चपळ तो सगळं ओढतो. म्हणून मध्ये घागर आणा. घागर ६० ची, भरायला चार सेकंद, आणि रहाट एकच. आता एका वेळी एकच जण भरतो, बाकीचे त्याची राखण करतात. नियम एक बदलला आणि लढाईला रांग आली. ज्यांनी टँकरपुढं भांडी लावलीत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पाझर सारखा २ ठेवू नका. खरी विहीर रिकामी असली की झरे जोरात सुटतात, भरत आली की मंदावतात. रिकाम्या भागाच्या अर्धा टक्का दर सेकंदाला असं धरा. तळ उघडा असताना ३ मात्रा येतात, निम्म्यावर दीड. निम्मी भरायला सव्वादोन मिनिटांहून थोडं जास्त लागतं, पुढची निम्मी मात्र रेंगाळते. एक खोच आहे: या सूत्रानं विहीर काठोकाठ कधीच भरत नाही. ५९० ओलांडली की सरळ ६०० करून टाका. आणि शंभर पावलांत कुणी बोअर पाडला, तर त्यानं याच विहिरीचं पाणी ओढावं. शेजाऱ्याच्या बोअरनं आपली विहीर तुटणं हे खलनायकापेक्षा जास्त झोंबतं.

जादू लांब न्यायची असेल, तर छत्रपती संभाजीनगरातली नहर-ए-अंबरी बघून या. सतराव्या शतकात मलिक अंबरनं शहराला जमिनीखालून पाणी आणलं. अशा नहरींवर अधूनमधून उंच मनोरे दिसतात. खेळात सात मनोरे ठेवा. तिसरा फुटला, तर पहिले दोन चालू, चौथ्यापासून पुढं कोरडं. पण नळात अडकलेल्या जादूवर पुढच्यांना ४० सेकंद द्या. धावपळ करायला तेवढी पुरते.

रक्त देऊन जादू घ्यायची मोह पाडणारी कल्पना जवळजवळ प्रत्येकाला सुचते. पात्राचा जीव ‘प्राण’ या आकड्यात मोजला, तर एका प्राणाला २ मात्रा, आणि १० मात्रांच्या उपचारमंत्रानं ८ प्राण परत. गुणून बघा: २ गुणिले ०.८ म्हणजे १.६. पाच प्राण दिले, आठ आले. खेळाडू एका कोपऱ्यात बसून हेच करत राहील. हा गुणाकार एकच्या खाली हवा, ०.७ ठेवलात, तर निभतं.

गेमचा प्रोग्राम लिहिताना दोन चुका हमखास होतात. पाझर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या प्रत्येक चित्राला मिळवला, तर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर विहीर ३० वाल्याच्या दुप्पट वेगानं भरते. मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळानं गुणा. दुसरी, मात्रा पूर्णांकात ठेवल्या, तर १० चे ३ टक्के म्हणजे ०.३, आणि त्याचा शून्य होतो. पट्टी हलतच नाही, आणि खेळाडू म्हणतो, गेम बिघडला. दशांशात साठवा, पडद्यावर पूर्णांक दाखवा.

शेवटी आवाज. घागरीत दहावा हिस्सा उरला, की लाल दिवा लुकलुकवण्यापेक्षा बादली तळाच्या कातळाला घासल्याचा आवाज द्या. तो खऱ्या विहिरीवर जाऊन ध्वनिमुद्रित करावा, दुपारी, वारा नसताना, फोन कठड्याच्या आत धरून. कडी आधी आपटते, मग पत्रा घासतो, आणि वर येताना बादलीतलं थोडंसं पाणी डुचमळतं.