जिभेवरचा आळ

(दृश्य: बेस क्लॅरिनेटचा माउथपीस, अगदी जवळून. वादकाचे ओठ.)

बेस क्लॅरिनेट म्हणजे खालच्या सुरांचं मोठं क्लॅरिनेट. त्यावर तळातला एकच सूर जिभेने चार वेळा तोडून वाजवायचा आहे. पहिला उशिरा उठतो. दुसऱ्याच्या आधी 'थप्प' असा आवाज येतो. तिसरा चिरकतो. चौथा नीट लागतो, पण तोवर बाकीचा वाद्यवृंद पुढे गेलेला असतो.

यावरचा सल्ला ठरलेला आहे. जीभ हलकी ठेवा, मेट्रोनोम लावा, रियाज वाढवा. सल्ला चुकीचा नाही. पण जिभेवर आळ घेण्याआधी, ती ज्या वस्तूला शिवते ती वस्तू एकदा तपासायला काय हरकत आहे?

(दृश्य: काचेवर शेजारी ठेवलेल्या दोन रीड)

रीड म्हणजे माउथपीसवर बसवलेली, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी; जीभ शिवते ती हिलाच. डावीकडची साध्या क्लॅरिनेटची, उजवीकडची बेसची. दोन्ही अरुंडो डोनॅक्स नावाच्या उंच गवताच्या दांड्यातून कापलेल्या. टोकाशी दोघींची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी. पण बेसची रीड लांबरुंद. तिला हलवायचं म्हणजे जास्त काम, थांबवायचं म्हणजेही जास्त काम. त्यात सूर खालचे. लो इ फ्लॅट हा तळाचा सूर घेतला, तर सेकंदाला साधारण ६९ आवर्तनं. एका आवर्तनाला १४ मिलिसेकंद लागतात आणि सूर स्थिरावायला अशी काही आवर्तनं जावी लागतात. छोट्या क्लॅरिनेटवर खपून जाणारी रीडची कुरबुर इथे उघडी पडते.

(दृश्य: वाद्याची जुनी रेखाचित्रं)

वाद्यं बनवणाऱ्या अडॉल्फ सॅक्सने १८३८ मध्ये सुधारलेल्या बेस क्लॅरिनेटचं पेटंट घेतलं. त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं हे वाद्य बहुतेक वेळ वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत होतं. १९५५ मध्ये चेक वादक योसेफ होराक यांनी ब्रनोमध्ये बेस क्लॅरिनेटला एकल मैफलीत आणलं. पुढे जॅझमध्ये एरिक डॉल्फीने त्याला उड्या मारायला लावल्या. वादकाकडून चपळाईची अपेक्षा वाढली. माउथपीस मात्र अजूनही बरेच जण खोक्यातून निघेल तसाच वाजवतात.

(दृश्य: तळहातावर दाबलेला माउथपीस)

पहिली परीक्षा फुकट आहे. रीड ओली करून लावा. माउथपीसचं मागचं तोंड तळहाताने बंद करा आणि पुढून हवा ओढून घ्या. रीड चिकटून बसली पाहिजे. सेकंदभराने, दोन सेकंदांनी 'टक्' करून सुटली पाहिजे. लगेच सुटली, तर हवा कुठूनतरी गळते आहे. अशा रीडवर जीभ कितीही सफाईने उचला, सुराची सुरुवात भुसभुशीतच येणार.

गळतीचं नेहमीचं कारण रीडच्या पाठीशी असतं. ओली-कोरडी होऊन तिचा सपाट तळ वाकतो. म्हणून ही काच आणि तिच्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर. बोटं कुठे आहेत बघा: सालीच्या जाड भागावर. टोकावर अजिबात दाब नाही. चार-पाच हलके हात फिरवले की तळ उजेडात धरायचा. उंच राहिलेला भाग आधी घासला जातो आणि वेगळा दिसतो. सगळीकडे एकसारखं दिसलं की थांबायचं.

(दृश्य: माउथपीस तोंडात किंचित तिरका)

आता डावं-उजवं. माउथपीस ओठांत जरा एका बाजूला कलता केला, की ती कड ओठाखाली दबते आणि दुसरी एकटी वाजते. मग उलट. एक बाजू मोकळी आणि दुसरी गुदमरलेली वाटली, तर गुदमरलेली बाजू जाड आहे. टोकाच्या मागे, मधल्या जाड गाभ्याच्या कडेला, पॉलिश पेपरचा दुमडलेला कोपरा दोनदा फिरवायचा. मग वाजवून बघायचं. मग पुन्हा दोनदा. कंटाळवाणं आहे, पण तुटक सूर साफ येण्यासाठी याहून खात्रीचा उपाय मला तरी दिसलेला नाही.

हे करायचा धीर नसेल, तर रीड नुसती सरकवून बघा. वर सरकवली की कडक लागते, खाली घेतली की मऊ. केसभर फरक, पण जिभेला तो लगेच कळतो. आणि लिगेचरचे, म्हणजे रीड माउथपीसला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचे, स्क्रू आवळून आवळून बसवू नका. रीड तिथेच पिळली जाते.

(दृश्य: रेघा आखलेली काचपट्टी, तिच्याखाली फीलर गेज)

हे काम जाणकाराचं. रीडच्या जागी काचपट्टी माउथपीसवर ठेवलेली आहे आणि फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या साधनाचं, ०.०३८ मिलिमीटरचं पातळ पातं तिच्याखाली आत सरकतंय. प्रत्येक रेघ अर्ध्या मिलिमीटरची. पातं डावीकडे ४६ वर अडलं, उजवीकडे ४३ वर. दीड मिलिमीटरचा फरक! रीड दोन्ही कडांवर एकाच वेळी टेकत नाही. आता चिरकणारा तो सूर कुणाच्या नावावर टाकायचा?

माउथपीसच्या टोकाकडची आडवी कडही बघा. ती फार रुंद असेल, तर जीभ सुटल्यावर सूर आळसावून येतो. फार बारीक असेल, तर चिरकण्याची भीती. माउथपीसचं टोक आणि रीड यांच्यातली फट बेसवर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास असते, कुठे कमी, कुठे जास्त. मोठी फट घ्यायची हौस अनेकांना असते. त्या फटीवर कडक रीड लावली, की सूर उठवायला जास्त हवा लागते आणि तुटक वाजवताना जबडा मधे पडतो. मोठी फट हवीच असेल, तर रीड अर्धा नंबर मऊ घ्या (रीडचा कडकपणा नंबराने सांगतात).

माउथपीस घासून सुधारताना जपूनच: घासलेलं एबोनाइट (माउथपीसचं कडक रबर) परत येत नाही आणि त्याची पूड नाकात जाऊ नये म्हणून पेपर ओला ठेवतात.

(दृश्य: तोच वादक, पूर्ण वाद्यासह, बाजूने)

आता जीभ. बेसच्या वाकड्या नेकमुळे (माउथपीस आणि वाद्य जोडणाऱ्या नळीमुळे) माउथपीस तोंडात बराच आडवा येतो. त्यामुळे जीभ टोकाऐवजी रीडच्या पोटावर सपाट आपटते. 'थप्प' होतो तो बहुतेक वेळा इथेच. स्पर्श टोकाच्या जरा खाली, तोही निसटता हवा. हवा मात्र थांबवायची नाही, जीभ उचलण्याच्या आधीपासून मागे उभी पाहिजे. आणि वाद्याखालचा पेग (जमिनीवर टेकणारा दांडा) बोटभर वर-खाली करून बघा, स्टूलवर जरा पुढे सरका. कोन तेवढ्यानेही बदलतो.