काट्यावरचा ड्रम

(माहितीपटाचं निवेदन. पहाट. परतवाड्याचा बसस्टँड चौक, चहाची टपरी. एक पिकअप घाटाकडे निघते.)

ही गाडी माझ्या मोठ्या भावाची. हौद्यात मंडपाचे लोखंडी पाइप, पाइपांवर खुर्च्या, खुर्च्यांवर गाद्या. लग्नसराईत आठवड्यातून तीन-चार वेळा चिखलदरा चढायचा आणि तितक्याच वेळा उतरायचा. बाकीच्या दिवसांत वरूड-मोर्शीकडची संत्री, हंगामात जिनिंगला कापूस. दादाचं सगळं घर या चार चाकांवर चालतं. गाडीचा हप्ता, पोरीची फी, आईची औषधं, सगळं.

मागच्या उन्हाळ्यात हाच घाट उतरताना दादाला आधी वास आला. जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या थराचा वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही. मग पायडल. एका वळणाला अर्ध्यावर लागलेला ब्रेक पुढच्या वळणाला खाली गेला, आणि त्याच्या पुढच्या वळणाला पाय तळाला टेकला. हँडब्रेक ओढला, पण तो मागच्या चाकांतल्या त्याच शूंना, म्हणजे लायनर बसवलेल्या वाकड्या पट्ट्यांना ओढतो. शू तापून चिकटेनासे झाले होते, तिथे हँडब्रेक काय करणार? दादानं गाडी दुसऱ्यावर आणली, मग पहिल्यावर, आणि डोंगराच्या अंगाला असलेल्या नालीत घातली. दरी दुसऱ्या अंगाला होती.

(मिस्त्रीचं गॅरेज. जॅकवर चढवलेली गाडी. मागचं चाक काढलेलं.)

चाक खोललं तेव्हा डाव्या ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या गोल डब्याला, आतून निळे डाग पडले होते, आणि त्या डागांमधून केसासारख्या बारीक भेगा गेल्या होत्या. हा ड्रम बसवून पाच महिनेही झाले नव्हते. लायनर अजून अर्धं शिल्लक होतं.

मिस्त्रीनं ड्रम हातात घेतला, खालीवर केला आणि म्हणाला, "हा डरम नोहे बाप्पा, पापड हाय पापड."

हे मिस्त्री परतवाड्यातच म्हातारे झाले. ते सांगतात, पूर्वी एक ड्रम दोन-तीन लायनर खाऊन उठायचा. झिजलं तर लायनर झिजायचं, ड्रम लेथवर नेऊन जरासा घासून आणला की पुन्हा गुळगुळीत. आता उलटं झालं आहे. लायनर राहतं आणि ड्रम जातो. पायडल थरथरते म्हणून एखादी गाडी येते, ड्रम काढून पाहावा तर गोल राहिलेलाच नसतो. नवाकोरा ड्रम, आणि आकार अंड्याचा.

ड्रमचं काम समजून घ्यायला हवं. पिकअपला बहुतेक पुढे डिस्क असते आणि मागे ड्रम. पायडल दाबलं की ऑइलच्या दाबानं दोन शू बाहेर ढकलले जातात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. गाडीचा वेग उष्णता होऊन ड्रममध्ये उतरतो. म्हणजे ड्रमनं ती उष्णता आधी पोटात घ्यायची आणि मग हळूहळू हवेत सोडायची.

ही उष्णता केवढी असते, याचा मी एक हिशेब केला. मालासकट तीन टनांची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची, तर सुमारे चार युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हजार वॉटची इस्त्री सलग चार तास चालू ठेवण्याइतकी. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे, परतवाडा त्याच्या पायथ्याला. यातला काही वाटा इंजिन घेतं, काही हवा घेते. गाडी खालच्या गिअरमध्ये नसेल तर उरलेलं सगळं चाकांवर येतं.

ड्रम जाड असेल तर तो ही आग पोटात घेतो. पातळ असेल तर लवकर तापतो, आणि तापला की पसरतो. मग शूला ड्रमपर्यंत पोहोचायला जास्त अंतर जावं लागतं आणि पायडल खाली जातं. त्यातच लायनर इतकं तापतं की त्याची पकडच सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी धोका. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे. ओलावा शिरला की हाच आकडा १४० अंशांपर्यंत खाली येतो. उकळलं की पायपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पायाला ब्रेक नाही, उशी लागते.

(अडत्याचं दुकान. इलेक्ट्रॉनिक काटा.)

मिस्त्रींनी आम्हाला शेजारच्या अडत्याकडे पाठवलं. ज्या काट्यावर सोयाबीन आणि तूर मोजली जाते, त्यावर आम्ही दोन ड्रम ठेवले. पहिला गाडीसोबत शोरूममधून आलेला, वर्षानुवर्षं चाललेला, दोनदा लेथवर घासलेला. दुसरा त्याच मापाचा, पेटीतून काढलेला, काळं तेल अजून पुसलेलं नाही असा नवा.

घासून घासून झिजलेला जुना ड्रम नव्यापेक्षा भारी भरला.

काट्यावरचे अडते, हमाल सगळे गोळा झाले. आमच्याकडे संत्र्याची पाटी मोजतात, कापसाचं गाठोडं मोजतात, त्यात घट धरतात, ओलावा धरतात. किलोभर कमी भरलं तर भांडण होतं. ज्याच्यावर अख्खं कुटुंब घाटातून खाली येतं ते लोखंड मात्र कुणी कधी काट्यावर ठेवलं नव्हतं. आम्हीही नाही.

नुसतं वजन म्हणजे सगळं नव्हे, हेही सांगायला हवं. ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, राखाडी बिडाचा. या बिडात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात. त्या उष्णता वाहून नेतात आणि थरथर गिळतात, म्हणूनच ड्रमला बीड लागतं. कार्बन आणि सिलिकॉन किती, वितळलेला रस किती तापवला, साच्यात किती वेळानं थंड झाला, यावर त्या पाकळ्या ठरतात. आपल्याच महाराष्ट्रात कोल्हापूरला ओतकामाचा मोठा धंदा उभा आहे. चांगल्या भट्टीत रस साच्यात जाण्याआधी त्याचा नमुना तपासला जातो. पण भंगारात जे आलं ते वितळवलं आणि तपासणीचा खर्च वाचवला, तर एकाच ड्रममध्ये कुठे कडक गाठ, कुठे हवेचं छिद्र राहतं. कडक गाठीवर लायनर सरकतं, बाजूचा भाग झिजतो आणि गोलाई जाते. वरून सगळे ड्रम सारखेच काळे दिसतात.

(बाजार. पार्टच्या दुकानाचं काउंटर, मागे पेट्यांची रास.)

काउंटरवर गेलं की एकच प्रश्न येतो, "ओरिजनल देऊ का चालू देऊ?" चालू म्हणजे जे चालतं ते. दोन्हींच्या किमतीत एवढं अंतर असतं की महिनाअखेरीला हप्ता भरायचा असलेला माणूस चालूच उचलतो. मला त्याचा राग येत नाही. राग याचा येतो, की दादानं त्या दिवशी ओरिजनलचे पैसे मोजले होते. पेटी तशीच होती, चिकटवलेलं होलोग्रामही होतं. ड्रमवर मात्र ओतीव अक्षरांत कंपनीची खूण नव्हती, आणि जास्तीत जास्त किती व्यासापर्यंत घासता येईल तो आकडाही नव्हता. चांगल्या ड्रमच्या कडेला तो आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. लेथवाला त्यावरूनच ठरवतो की हा अजून घासायचा की भंगारात टाकायचा. आकडाच नाही, तर ठरवणार कशावरून?

आमचीही चूक आहे, आणि दादा ती कॅमेऱ्यासमोर कबूल करतो. "पासिंग दीड टनाचं, अन् मी अडीच भरतो. सगळेच भरते." मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पण ड्रम दंडाची वाट पाहत नाही. माल वाढला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. वेग वाढला तर त्याहून वाईट: ताशी ४० ऐवजी ६०ने येणारी गाडी थांबवायला सव्वादोन पट उष्णता झेलावी लागते.

आणखी एक सवय. घाट उतरला की पोट्टे बादलीनं तापलेल्या चाकावर पाणी ओततात. चर्रर्र आवाज येतो, वाफ निघते, सगळ्यांना बरं वाटतं. तापलेलं बीड असं अचानक आवळलं की भेग जाते. मिस्त्री म्हणतात, "पाणी कायले टाकता रे? झाडाखाली उभी करा, अर्धा घंटा चाय प्या." हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाला दगड लावायचा, हेही ते सांगतात. तापलेल्या ड्रमवर शू आवळून ठेवले तर तो तसाच वाकडा थंड होतो.

पण जादा माल आणि पाणी ही दोन्ही कारणं जुन्या ड्रमलाही होती. तेव्हाही दादा हाच होता, घाटही हाच होता. बदलला तो ड्रम.

(गॅरेज. मिस्त्री दोन ड्रम साखळीला टांगतात आणि पान्याची मूठ मारतात. आधी जुन्याला, मग भेगाळलेल्याला. निवेदन थांबतं, आवाज ऐकू द्यावा.)

पहिला वाजला. दुसरा नुसता थप्प झाला.

दादा त्या दुकानात परत गेला तेव्हा पहिला प्रश्न आला, बिल कुठंय? बिल नव्हतं. बिल घेतलं तर कर लागेल म्हणून आमच्याकडे बरेच जण कच्च्या चिठ्ठीवर भागवतात. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तरी ती सवय सुटलेली नाही. कच्ची चिठ्ठी असली की तक्रार तिथेच संपते. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीसाठी बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही जबाबदार धरू शकतो. "तुमची गाडी तर धंद्याची, तुम्ही ग्राहक कसले?" असं म्हणून पुष्कळ जणांना परत पाठवतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूचा मालक या कायद्यात ग्राहकच आहे. १९१५ या क्रमांकावर फोन करून मराठीत सल्ला मागता येतो. पण तिथेही आधी विचारतात ते बिलच.

(सकाळ. तेच काउंटर नाही, दुसरं दुकान. दादाच्या हातात नवा ड्रम.)

यावेळी दादानं जोडीनं ड्रम घेतले, डावा आणि उजवा. एकच बदलला तर गाडी एका बाजूला ओढते. कडेवरचा आकडा अंगठ्यानं चाचपून पाहिला. मग दुकानदाराला म्हणाला, "भाऊ, काटा हाय का?"

काटा नव्हता. दुकानदारानं पोराला शेजारच्या किराण्यातून आणायला पाठवलं. वजन झालं, दादानं ते बिलाच्या मागे पेननं लिहिलं, घडी घातली आणि आर.सी.च्या प्लास्टिकच्या थैलीत सरकवली. थैलीत गजानन महाराजांचा फोटो आधीपासून आहे. बिल त्याच्या मागे बसलं.

(गाडी चालू होते. घाटाच्या पायथ्याशी दुसरा गिअर पडल्याचा आवाज.)