फिरणाऱ्या चाकाला ब्रेक

चोपड्याहून यावलकडे जाणारा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मृगाचा पाऊस नुकताच पडून गेलेला. समोरून केळीने भरलेला ट्रक आला म्हणून या कारने साइड दिली आणि तिची डावी चाकं डांबरावरून खाली उतरली. ट्रक निघून गेला. कार निघेना.

खान्देशातली काळी माती ज्याने तुडवली आहे त्याला वेगळं सांगायला नको. पाणी पिऊन ती फुगते, टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि नवा टायरसुद्धा गुळगुळीत करून टाकते. पुढचं डावं चाक बघा, जागच्या जागी गरगर फिरतंय. उजवं डांबरावर आहे, त्याला पकड आहे, पण ते हलतसुद्धा नाही. मागून आवाज येतो, “फसनी रे भो!”

पकड असलेलं चाक गप्प का? कारण मधला डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा संच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. जोर मात्र दोन्हीकडे सारखाच देतो. समजा, चिखलातलं चाक 100 न्यूटन-मीटरलाच (हे चाक फिरवणाऱ्या जोराचं माप) घसरतं. मग डांबरावरच्या चाकाच्या वाट्यालाही 100च येतात. तेवढ्यात गाडी हलत नाही. कितीही रेस द्या, चिखल तेवढा उडतो.

आता त्या बांधावरचा ट्रॅक्टर पाहा. ड्रायव्हरच्या उजव्या पायाशी ब्रेकचे दोन पेडल आहेत, डाव्या चाकाचं एक, उजव्याचं एक. रस्त्यावर ते खटक्याने जोडायचे, शेतात सुटे करायचे. मागचं एक चाक नुसतंच फिरायला लागलं की जाणता ड्रायव्हर त्याच बाजूचा ब्रेक हलकेच दाबतो. फिरणारं चाक अडलं की दुसऱ्या चाकाला जोर मिळतो आणि ट्रॅक्टर सरकतो. ही युक्ती ज्याला पायाने जमते, त्याला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणारं चाक आवरणारी कारमधली यंत्रणा, अर्धं समजलेलंच आहे.

कारमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो. प्रत्येक चाकाच्या हबपाशी बोटाएवढा सेन्सर असतो, तो चाकाचा वेग सतत कळवत राहतो. हे सेन्सर मुळात एबीएसचे, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे. भारतात एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे पाया तयारच असतो. पण एबीएस असलेल्या प्रत्येक गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असतंच असं नाही. चाक लॉक होऊ लागलं की एबीएस ब्रेकचा दाब सोडतं. ट्रॅक्शन कंट्रोलमध्ये उलट, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर नसताना दाब तयार करायचा असतो. त्यासाठी जादा व्हॉल्व्ह लागतात, आणि पंप स्वतःच ऑइल ढकलतो. बॉश कंपनीने एबीएस 1978 मध्ये बाजारात आणलं, ट्रॅक्शन कंट्रोल 1986 मध्ये.

बॉनेटखालून खर्र खर्र ऐकू येतंय? तो पंप. मीटरमध्ये घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकतंय. चिखलातल्या चाकाला ब्रेकने समजा 300 न्यूटन-मीटरचा विरोध केला. त्याचे आधीचे 100 धरून त्या बाजूला 400 झाले, म्हणजे डांबरावरच्या चाकालाही 400 मिळाले. त्याच वेळी कॉम्प्युटर इंजिनचा जोरही आवरतो, नाहीतर ब्रेक आणि इंजिन एकमेकांशी झुंजत राहतील. महामार्गावर वेगात असताना तर तो मुख्यतः इंजिनच आवरतो, कारण एकाच चाकाला अचानक ब्रेक लागला तर गाडी बाजूला ओढली जाईल.

एक मात्र मनापासून सांगतो: अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरू नका. सारखा ब्रेक लागून डिस्क तापते. ती किती तापली असेल याचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो आणि हद्द झाली की ब्रेक लावणंच थांबवतो. दोन्ही चाकं चिखलात असतील तर जोर कुणाला द्यायचा? तिथे चाकाखाली दगड नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्याच घालाव्या लागतात.

या कारचं एक चाक डांबरावर आहे. ड्रायव्हर पाय हलका करतो. खर्र खर्र चालूच आहे, डावं चाक अडखळत फिरतंय. उजवं हळूच फिरू लागतं. कार वर येते आणि काळ्या मातीची ढेकळं डांबरावर गळत जातात.