स्वच्छ आवाजाचं जुनं हेड

मघाशी मी गिटारवर ई मेजर कॉर्ड दोनदा वाजवली. एकदा हलक्या हातानं आणि एकदा सगळा हात टाकून. दुसऱ्या वेळी आवाज वाढला, पण पोत तोच राहिला, सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. क्लीन टोन म्हणताना माझ्या मनात नेमकं हेच असतं. हळू वाजवलं तर जवळपास प्रत्येक ॲम्प स्वच्छ वाजतो. खरी परीक्षा हात भारी पडल्यावर होते.

आणि स्वच्छ म्हणजे कोरडा नव्हे. चांगल्या ट्यूब हेडमधून, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या, स्पीकर वेगळा असलेल्या ॲम्पमधून, एकच सूर आला तरी त्याच्याभोवती उपस्वरांचं वलय असतं, तंबोऱ्याची जवारी नीट लागल्यावर असतं तसं. ते वलय टिकवून मोठा आवाज देणारं हेड आपल्याला हवं आहे.

जुनं हेड घ्यायला निघालेला माणूस आधी ट्यूब कोणत्या ते विचारतो. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. ट्यूब बदलता येतात, त्या बदलायच्याच असतात. आधी ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय पाहावेत. पिक तारेवर आदळतो त्या क्षणी पॉवर ट्यूब एकदम भरपूर करंट मागतात. तो पुरवताना पॉवर सप्लायचा व्होल्टेज खाली बसला की सुराचं टोक दबतं आणि सूर किंचित उशिरा फुलतो. यालाच सॅग म्हणतात. रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा भाग, ट्यूबचा असला तर त्याच्या अंगच्या रेझिस्टन्समुळे सॅग जास्त, सिलिकॉन डायोड असले तर कमी. ब्लूजच्या सोलोला सॅग फार गोड वाटतो. ठाशीव, टोकदार क्लीन हवा असेल तर मात्र डायोडवालं हेड आणि वजनदार लोखंड, म्हणजे मोठे ट्रान्सफॉर्मर, शोधावं. ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लहान असेल तर खालच्या तारांचा आवाज सगळ्यात आधी गढूळ होतो.

फेंडर या अमेरिकी कंपनीच्या शोमन हेडची जन्मकथा हेच सांगते. 1960 च्या सुमारास सर्फ गिटारवादक डिक डेल इतक्या जाड तारा लावून इतक्या जोरात वाजवायचा की त्याच्यापुढे ॲम्प आणि स्पीकर टिकत नव्हते. कंपनीचा संस्थापक लिओ फेंडरनं त्याच्यासाठी मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवला, पुढे जेबीएलचे 15 इंची स्पीकर जोडले आणि सुमारे 85 वॉटचं शोमन उभं राहिलं. मोठ्या आवाजातही सूर फुटू नये, ही गरज या हेडच्या मुळाशी आहे. ड्युअल शोमन त्याचाच भाऊ. मुख्य फरक आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा, शोमन 8 ओहमच्या स्पीकरसाठी आणि ड्युअल शोमन 4 ओहमच्या. कॅबिनेट जुळवताना हे विसरू नका.

फेंडरचंच बँडमास्टर सुमारे 40 वॉटचं, दोन 6एल6 पॉवर ट्यूबवर चालणारं. 40 आणि 85 यांत आवाज दुप्पट होत नाही, फरक फक्त 3 डेसिबलच्या आसपास असतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. उलट तेवढ्याच पॉवरवर 97 डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरऐवजी 100 डेसिबल देणारा लावला, तर पॉवर दुप्पट केल्याइतकाच फायदा होतो. म्हणून छोट्या जागेत वाजवणाऱ्यानं शोमनच्या वजनामागे धावू नये. बँडमास्टर आणि कार्यक्षम स्पीकर ही जोडी मला फार आवडते. एक लक्षात ठेवा, काळ्या पॅनेलच्या बँडमास्टरला मिडलचा नॉब नाही. तिथे आत 6.8 किलोओहमचा रेझिस्टर कायमचा बसवलेला आहे, त्यामुळे मधला भाग थोडा खोलगटच राहतो. तो खोलगटपणा क्लीन कॉर्डना शोभतो. पण दोन गिटार आणि कीबोर्ड असलेल्या बँडमध्ये तुमचा सूर हरवूही शकतो.

आता चंदेरी पॅनेलबद्दल. 1965 साली फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेली आणि 1967-68 पासून पॅनेल चंदेरी झालं. तेव्हापासूनच्या हेडना बरेच लोक नाक मुरडतात. त्यातल्या क्लीन शोधणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सगळ्यात जास्त नावं ठेवली जातात ती 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या 135 वॉटच्या मॉडेलना. त्यांच्यात अल्ट्रालिनियर ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे ट्यूबच्या स्क्रीनला (आतल्या एका जाळीला) आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपवरून पुरवठा होतो. तक्रार काय, तर जोरात वाजवल्यावर त्यांचा आवाज गोड फाटत नाही. अहो, आपल्याला तो फाटायलाच नको आहे! तुमचं डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका आवाज, पेडलमधून येत असेल, तर लोकांनी नाकारलेलं हे हेड तुमच्यासाठी सगळ्यात योग्य ठरू शकतं.

फेंडरच्या बाहेर पाहायचं तर माझ्या लेखी पहिलं नाव हायवॉट या ब्रिटिश कंपनीच्या डीआर103 चं. डेव्ह रीव्हजनं घडवलेलं, चार ईएल34 पॉवर ट्यूब, पार्ट्रिजचे ट्रान्सफॉर्मर आणि आतल्या तारा अशा सरळ रेषेत बांधलेल्या की बघत राहावं. फेंडरचा आवाज मध्ये खोल जातो, हायवॉटचा भरलेला असतो. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरच्या मोठ्या, स्वच्छ आवाजाच्या मुळाशी हेच हेड आहे. 1960 च्या दशकातले सन (Sunn) कंपनीचे काही हेड डायनाकोच्या हाय-फाय ट्रान्सफॉर्मरवर उभे आहेत. बास लक्षात घेऊन केलेले असले तरी गिटारला फार शांत, रुंद क्लीन देतात. मार्शलचं जेटीएम45 फेंडरच्या बासमनवरून आलेलं, सुंदर, पण लवकर फाटणारं. या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

हेड समोर आलं की काय करायचं? गिटार जोडा, व्हॉल्यूम बराच वाढवा आणि वरच्या पट्टीत एक सूर धरून ठेवा. त्याच्या मागे दुसरा, बेसूर, दबलेला सूर ऐकू येतो का ते कान देऊन ऐका. याला घोस्ट नोट म्हणतात. पॉवर सप्लायची वीज गुळगुळीत करणारे फिल्टर कपॅसिटर सुकले की विजेची घरघर, 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर 100 आणि 60 च्या वीजपुरवठ्यावर 120 हर्ट्झची, सुरात मिसळते आणि हा भुताटकीचा सूर तयार होतो. माझ्या पहिल्या जुन्या हेडमध्ये तो होता. कित्येक महिने मी गिटारच्या स्वरबांधणीला दोष देत राहिलो, फ्रेट तपासून घेतले, तारा बदलल्या. शेवटी कपॅसिटर बदलले आणि एका संध्याकाळी सगळं स्वच्छ झालं. तेव्हापासून कोणतंही हेड हातात आलं की मी आधी हाच सूर शोधतो. कपॅसिटर जुने असणं हा दोष नव्हे, तो ठरलेला खर्च आहे. मूळ ट्रान्सफॉर्मर जळून बदललेला असेल, तर मात्र मी दोनदा विचार करतो.

तारखा लपत नाहीत. अमेरिकी पॉटवर (नॉबमागच्या पोटेन्शियोमीटरवर) 1376532 असा आकडा दिसला, तर 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 65 साल आणि 32 वा आठवडा. 304 असेल तर स्टॅकपोल. शोमन किंवा बँडमास्टरच्या ट्रान्सफॉर्मरवर 606 असेल तर तो शूमाकरचा. या भागांवरच्या तारखा एकमेकांशी जुळल्या की यंत्रातले भाग बहुधा फारसे बदललेले नाहीत.

आता जिवाची गोष्ट. आत 400-500 व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहू शकतात. ज्याला ते सुरक्षितपणे उतरवता येतात त्यानंच चेसिस उघडावं. दोन पिनची मूळ वायर असेल तर तीन पिनची अर्थिंगवाली बसवून घ्या आणि ग्राउंड स्विचवरचा कपॅसिटर काढून टाकायला सांगा. तो निकामी होऊन शॉर्ट झाला तर थेट गिटारच्या तारांवर वीज येते. मूळपणा जाईल म्हणून इथे कचरू नका. 120 व्होल्टचं हेड 230 च्या वीजपुरवठ्यावर लावायचं असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय हेड कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यातच जातो.

शेवटी ट्यूब. पॉवर ट्यूब बदलल्या की बायस, म्हणजे सूर नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट, नीट लावून घ्या. पहिल्या जागेवरच्या 12एएक्स7 या छोट्या प्रीॲम्प ट्यूबचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर 100 असतो. तिथे 5751 ही ट्यूब लावली तर तो 70 च्या आसपास येतो, आणि व्हॉल्यूमच्या नॉबवर स्वच्छ आवाजाला बरीच जास्त जागा मिळते. हा बदल तुम्ही पाच मिनिटांत करून, आवडला नाही तर परत फिरवू शकता. पॉवर बंद करून ट्यूब थंड होऊ द्या, जुनी हळूच हलवत सरळ बाहेर ओढा, नवी पिना जुळवून बसवा, आणि मग पुन्हा तीच ई मेजर दोनदा वाजवा, एकदा हलकी आणि एकदा सगळा हात टाकून.