आढीतली हॉकी

नमस्कार मंडळी.

आज हॉकीबद्दल बोलायचं आहे. ध्यानचंदांच्या मैदानावरची हॉकी नव्हे, बर्फावरची. मी अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सला राहते. ऑक्टोबर उजाडला की आमच्या घरातल्या शुक्रवारच्या संध्याकाळी ठरून जातात. ऑफिस सुटलं की गाडी थेट व्हॅन अँडल अरीनाकडे. तिथे ग्रिफिन्स नावाचा आमचा संघ खेळतो. टीव्हीवर दिसतात ते सितारे इथे नसतात. उद्या जे दिसतील ते असतात, आणि जे कधीच दिसणार नाहीत तेही असतात.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सगळ्यात वरची लीग म्हणजे एनएचएल. तिच्यात ३२ संघ. तिच्या खालोखाल एएचएल, १९३६ पासून चालत आलेली. तिच्यातही ३२ संघ आणि प्रत्येक संघ वरच्या एकेका संघाशी बांधलेला. आमचे ग्रिफिन्स २००२ पासून डेट्रॉईट रेड विंग्जचे. कोणाला वर बोलवायचं आणि कोणाला खाली पाठवायचं, हे डेट्रॉईट ठरवतं. आपल्याकडे भारतीय संघ आणि रणजी असतात तसंच म्हणा हवं तर. फरक एवढाच की इथे खालच्या संघातली तरणी पोरं वरच्या मालकाच्याच पगारावर असतात आणि फोन कुठल्याही रात्री येऊ शकतो.

प्रश्न असा. अठरा-एकोणीस वर्षांचा गुणी मुलगा हाती लागला, तर त्याला लगेच वर खेळवायचं की खाली दोन वर्षं काढू द्यायची? या प्रश्नावर इथे घराघरांत वाद होतात. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या ठिकाणी त्याच्या काठीला पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, जास्त वेळ लागेल आणि चूक केली तरी पुन्हा बर्फावर उतरायला मिळेल, ते ठिकाण त्याचं. बहुतेकांसाठी ते ठिकाण खाली असतं.

डेट्रॉईटमध्ये केन हॉलंड १९९७ पासून २०१९ पर्यंत जनरल मॅनेजर होते. तरुण खेळाडूंबद्दल त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, ‘ओव्हरराइप’. म्हणजे पिकू द्या, आणि पिकला असं वाटलं तरी अजून थोडा राहू द्या. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आमची रत्नागिरीकडची आजी आठवली. माळ्यावर भाताचा पेंढा अंथरलेला, त्यावर आंबे एकाला एक लागणार नाहीत असे मांडलेले, वर पुन्हा पेंढा. आजी रोज सकाळी त्या आढीत हात घालून चाचपायची, देठाजवळ नाक न्यायची आणि दोन-चारच फळं बाहेर काढायची. आम्ही पोरं भोवती घिरट्या घालायचो. ती हातावर फटका मारून म्हणायची, “थांबा रे, अजून चार दिवस.”

हॉलंड यांच्या आढीतून निघालेलं एक फळ म्हणजे गोलरक्षक जिमी हॉवर्ड. २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, ६४ वा निवडला गेला. आमच्या गावात चार हंगाम काढले त्यानं. चार! लोक म्हणायला लागले होते की याचं काही होत नाही. २००९-१० मध्ये त्याला पुरा हंगाम वर मिळाला. त्यानं ३७ सामने जिंकले आणि वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या अंतिम तिघांत जाऊन बसला. पंचविशी गाठलेला नवोदित! गुस्ताव निक्विस्ट हा दुसरा. २०१३ च्या शरदात तो इथेच होता. मग वर गेला आणि ५७ सामन्यांत २८ गोल केले.

आता आढीत नेमकं होतं काय? मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. जानेवारीतला शुक्रवार, बाहेर ढीगभर बर्फ. आमची जागा पाहुण्या संघाच्या बाकामागे. त्यांचा एक बचावपटू, वीस-एकवीसचा असेल. ब्लू लाइनवर, म्हणजे बर्फाचे भाग पाडणाऱ्या निळ्या रेघेवर, त्यानं समोरच्याला चकवायला पाहिलं, पक त्याच्याच स्केटमध्ये अडकला, आमच्या माणसानं तो उचलला आणि एकटा जाऊन गोल केला. सगळं अरीना उभं राहिलं. तो पोरगा मान खाली घालून बाकावर आला. प्रशिक्षक मागून वाकले, कानाशी काहीतरी बोलले, खांद्यावर थाप दिली आणि त्याची पाळी येताच त्यालाच उतरवलं. दहा मिनिटांनी तो पुन्हा त्याच जागी, पुन्हा तसाच पेचात. या वेळी त्यानं अर्धा क्षण थांबून पक भिंतीवर आपटून पुढे काढला. गोल वगैरे काही झाला नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. पण मी नवऱ्याला म्हटलं, बघ, शिकला.

हीच चूक वरच्या लीगमध्ये झाली असती तर उरलेली संध्याकाळ त्यानं पाण्याची बाटली धरून काढली असती. तिथल्या प्रशिक्षकाला मी दोष देत नाही. एकेका गुणावर त्याची नोकरी टांगलेली असते. म्हणून तिथे नवख्याला चौथ्या, म्हणजे सगळ्यात शेवटच्या फळीत टाकतात. रात्रीची सात-आठ मिनिटं, तीही सामना हातात असेल तर. खाली तोच मुलगा अठरा-वीस मिनिटं खेळतो, पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा माणूस शिक्षेमुळे बाहेर असताना, उतरतो, आपल्या संघाचा माणूस तसाच बाहेर बसलेला असताना किल्ला लढवतो, शेवटच्या मिनिटाला आघाडी राखायला उतरतो. आणि सराव! वर हंगामात ऐंशीहून जास्त सामने, एक दिवसाआड खेळ, मधल्या दिवशी विमान. खाली ७२ सामने, त्यातले पुष्कळसे शुक्रवार-शनिवारी. त्यामुळे आठवड्याच्या सुरुवातीला एकच गोष्ट शंभरदा घोटायला वेळ मिळतो. बसचा प्रवास मात्र खरा असतो. मिलवॉकी, रॉकफर्ड, शिकागो, आणि पहाटे परत.

एक नियम मला फार आवडतो. एएचएलच्या प्रत्येक सामन्यात गोलरक्षक सोडून १८ खेळाडू उतरतात. त्यांतले निदान १३ ‘घडणारे’ असावे लागतात. त्यातही १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० च्या आतले हवेत. म्हणजे जिंकायच्या हट्टापायी कोणी संघभर जुनेजाणते भरू शकत नाही. पाच जागा जुन्यांना उरतात आणि त्या पाचांवर पोरांना सांभाळायचीही जबाबदारी येते.

मग एवढं सगळं असताना संघ घाई का करतात? पैसा हे एक कारण. २००५ पासून एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. कोवळ्या खेळाडूचा पहिला करार स्वस्तातला असतो, म्हणून त्या स्वस्तातल्या वर्षांत त्याच्याकडून काम काढून घ्यायचा मोह होतो. दुसरं कारण आम्ही प्रेक्षक. हरणाऱ्या संघाच्या गावात नवं पोर हीच एक आशा असते.

आणि तिसरं कारण नियमांचंच आहे. त्याचा मला खरोखर राग येतो. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत एएचएलमध्ये पाठवता येत नाही, असा जुना करार आहे. एक तर एनएचएल, नाही तर परत ज्युनियर. मधली पायरीच काढून टाकलेली! डेट्रॉईटचा मायकल रॅसमुसेन घ्या. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये नववा. ज्युनियरला तो पुरून उरला होता आणि एनएचएलला अजून पुरा पडत नव्हता. २०१८-१९ मध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याला वर ठेवलं. ६२ सामन्यांत १८ गुण (स्वतः केलेला गोल किंवा दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत, दोन्हीचा एकेक गुण). पुढच्या हंगामात वयाची अट सुटली तेव्हा तो आमच्याकडे ग्रँड रॅपिड्सला आला, म्हणजे जिथून सुरुवात करायची तिथे वर्षभर उशिरा. पुढे तो रेड विंग्जचा नेहमीचा खेळाडू झाला, पण ते वर्ष त्याला परत कोण देणार?

याच्या शेजारी मोरित्झ सायडरला ठेवून बघा. जर्मनीच्या मानहाइमचा, २०१९ मध्ये सहावा निवडलेला. तो कॅनडाच्या ज्युनियरमधून आला नव्हता, म्हणून अठराव्या वर्षी त्याला सरळ एएचएलमध्ये खेळता आलं. त्या हिवाळ्यात आम्ही त्याला इथे पाहिला. उंचापुरा, चेहऱ्यावर कोवळीक, अंगावर येणारी माणसं दहा वर्षांनी मोठी. ४९ सामन्यांत २२ गुण. मग महासाथ आली, तेव्हा एक हंगाम स्वीडनमध्ये र्योग्ले संघाकडून खेळला. डेट्रॉईटला उतरला तो २०२१ मध्ये. ८२ सामने, ५० गुण आणि सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी. दोन्ही मुलं एकाच संघाची. एकाला मधली पायरी मिळाली, एकाला मिळाली नाही, आणि ते ठरलं कशावरून, तर आधी कुठल्या देशात खेळत होता यावरून. आता नव्या करारात प्रत्येक संघाला वर्षाला एका एकोणीस वर्षांच्या खेळाडूपुरती सूट मिळाली आहे. एकाच का, हे मला अजून कळलेलं नाही.

पण सगळ्यात सांगण्यासारखी गोष्ट लेऑन ड्रायझाइटलची. एडमंटनने २०१४ मध्ये तिसरा निवडलेला हा जर्मन मुलगा, पण कॅनडाच्या ज्युनियरमधून आलेला. सलग आठ हंगाम प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, न पाहिलेला संघ, त्यामुळे त्याला लगेच वर घेतलं. ३७ सामने, दोन गोल. तेव्हा एडमंटननं एक शहाणपण केलं. अर्ध्या हंगामातून त्याला ज्युनियरला परत पाठवलं. केलोना रॉकेट्सकडून तो खेळला, वेस्टर्न हॉकी लीगचं विजेतेपद मिळवलं, मेमोरियल कप या ज्युनियर संघांच्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना संघ हरला तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच ठरला. पुढच्या शरदातही सुरुवात एएचएलमध्ये, बेकर्सफील्डला. खाली पाठवलेला हा मुलगा २०१९-२० मध्ये ७१ सामन्यांत ११० गुण करून लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. खाली पाठवलं म्हणजे संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते दोन गोल आणि हे ११० गुण शेजारी लिहून ठेवावेत.

सगळ्यांनाच आढी लागते असं मात्र मी म्हणणार नाही. स्टीव्ह आयझरमन १९८३ मध्ये अठराव्या वर्षी डेट्रॉईटला आले आणि पहिल्याच हंगामात ८७ गुण केले. आज तेच तिथले जनरल मॅनेजर आहेत. सायडर डेट्रॉईटला उतरला त्याच वर्षी लुकास रेमंड एकोणिसाव्या वर्षी आला तो थेट वर आला, आणि ५७ गुण करून गेला. काही आंबे झाडावरच पाडाला येतात. शिवाय हॉलंड यांची आढी चालली तेव्हा वर लिडस्ट्रॉम, डॅट्स्यूक, झेटरबर्ग असे कसलेले खेळाडू बसलेले होते. जागाच नव्हती, म्हणून थांबणं सोपं होतं. २०१६ नंतर तोच संघ घसरला. वर माणसं उरली नाहीत आणि आढीतही फारसं काही शिल्लक नव्हतं. आढी फळ पिकवते, ती झाड लावत नाही. ते काम ड्राफ्टच्या टेबलावर करावं लागतं.

हे मी इतक्या तळमळीनं का सांगते आहे, तेही सांगते. इथे आणि कॅनडात आपल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं आता पहाटे पाचला रिंकवर जातात. माझाही मुलगा जायचा. बाराव्या वर्षी त्याच्या क्लबनं त्याला वरच्या संघात घेतलं. आम्ही रत्नागिरीला फोन केले, पेढे वाटले. त्या संघात त्याला पाळ्या कमी मिळायच्या आणि शेवटच्या भागात तर बहुतेक बाकावरच. कोणी रागावलं नाही, कोणी वाईट वागलं नाही. पण जानेवारीपर्यंत एक गोष्ट झाली, जी आम्हाला फार उशिरा दिसली. पक त्याच्याकडे आला की तो लगेच ढकलून द्यायचा, तापलेल्या तव्याला बोट लागल्यासारखा. चूक नको, म्हणून पकच नको.

पुढच्या वर्षी आम्ही आपणहून खालचा संघ मागून घेतला. दुसऱ्या पालकांना वाटलं, काढून टाकलं. एक बाई तर पार्किंगमध्ये माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, तो अजून ढकलूनच देत होता. नोव्हेंबरच्या एका शनिवारी मी काचेपाशी कॉफी घेऊन उभी होते. पक त्याच्याच गोलमागे त्याच्याकडे आला. समोरून दोघे धावत आले. त्यानं मान वर केली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पक काठीवर तसाच धरून ठेवला.