गुडघा काय सांगतो

(दृश्य: पहाट. पेठ रस्ता. धुक्यातून येणारी रुग्णवाहिका.)

पेठहून नाशिककडे येणारा रस्ता सावळघाटातून वळणं घेत येतो. पावसाळ्यात इथं धुकं दाटलं की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसत नाही. 108 च्या गाडीत नववा महिना लागलेली एक बाई डाव्या कुशीवर निजली आहे. बांगड्या मनगटात रुतल्या आहेत, चेहरा सुजलाय. घरून निघण्याआधी तिला एक झटका येऊन गेला, रक्तदाब वाढलेल्या गर्भवतीला येतो तसा, अंग आखडणारा. सासूच्या मुठीत आरोग्य केंद्रातून मिळालेली चिठ्ठी आहे.

नाशिकच्या लेबर रूममध्ये सिस्टर आधी ती चिठ्ठी मागून घेते. निघताना मॅगसल्फ, म्हणजे झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट, दिलं का? किती ग्रॅम? किती वाजता? केंद्रातून पाठवताना 10 ग्रॅम देतात, दोन्ही बाजूंना कमरेत पाच-पाच. ते लिहिलेलं नसलं, तर इथं पुन्हा सगळा डोस दिला जाण्याची भीती असते. लिहिलंय पण वेळ नाही, तर पुढचा डोस कधी द्यायचा हेच कळत नाही. घाईत लिहिलेल्या त्या दोन आकड्यांवर किती काही टांगलेलं असतं!

(दृश्य: नर्सिंग कॉलेजची प्रयोगशाळा. फळ्यावर आकडे.)

राज्यातल्या नर्सिंग पदवीच्या परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून याच शहरात आहे. त्या परीक्षेला बसणाऱ्या मुली आज फळ्यावर मॅगसल्फच्या एकाच अँपूलचं, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुपीचं, गणित सोडवतायत. अँपूलवर लिहिलंय 50 टक्के. म्हणजे 100 मिलीत 50 ग्रॅम औषध. म्हणजे 2 मिलीत 1 ग्रॅम. अँपूलही 2 मिलीचंच असतं, म्हणून एक अँपूल एक ग्रॅम.

सोपं वाटतं. तरी चूक इथंच होते. ‘पाच ग्रॅम द्या’ हे ऐकून कुणी 5 मिली भरलं, तर बाईला निम्माच डोस गेला आणि झटका परत येऊ शकतो. पाच ग्रॅमला 10 मिली लागतं, पाच अँपूल फोडावी लागतात.

शिरेतून द्यायच्या 4 ग्रॅमचं गणित आणखी एक पायरी पुढचं. चार अँपूलचं 8 मिली, त्यात 12 मिली सलाईन, एकूण 20 मिली. 20 मिलीत 4 ग्रॅम म्हणजे 20 टक्के. 50 टक्क्यांचं औषध तसंच शिरेत सोडायचं नसतं, आणि पातळ केलेलंही घड्याळ बघत, सावकाश. मुलींनी हे तोंडपाठ करू नये, दर वेळी कागदावर मांडावं, असं मला मनापासून वाटतं. रात्री तीन वाजता पाठांतर दगा देतं. मांडलेला आकडा शेजारच्या सिस्टरला तपासता तरी येतो.

या औषधावर एवढा भर का? 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत 33 देशांतल्या दहा हजारांहून अधिक गर्भवती होत्या. रक्तदाब वाढलेल्या, झटक्याचा धोका असलेल्या त्या बायकांमध्ये मॅगसल्फमुळे झटके निम्म्याहून कमी झाले.

(दृश्य: खाटेजवळ. सिस्टर बाईशी बोलते आहे.)

“डोकं दुखतंय का गं? डोळ्यांपुढं चमकतं का?”

“पित्त झालंय, सिस्टर. इथं, वरती दुखतंय.”

बाईचा हात बरगड्यांखाली आहे. आपल्याकडे पोटात वर दुखलं की पित्तच म्हणतात. घरचे ओवा देतात, थंड दूध देतात. रक्तदाब 160 वर 110 असलेल्या गर्भवतीनं मात्र इथं हात ठेवला, तर ते दुखणं यकृताचं असू शकतं. पित्ताची गोळी देऊन ही तक्रार मिटवायची नसते. सिस्टर तो शब्द जसाच्या तसा केसपेपरवर लिहिते आणि डॉक्टरांना सांगते. सुरगाण्याकडची बाई हेच दुखणं कोकणा बोलीत सांगेल. तिथं विचारण्यापेक्षा ‘हात ठेवून दाखव’ म्हणणं जास्त उपयोगी.

आता गुडघा. पाय सैल सोडायला सांगून वाटीखाली हातोडीचा हलका ठोका. पाय उडला.

मॅगसल्फ शरीराबाहेर जातं ते लघवीवाटे. मूत्रपिंड मंदावलं की औषध रक्तात साठत जातं. साठताना आधी ठोक्यावर पाय उडणं बंद होतं, श्वास त्यानंतर मंदावतो. शरीर असं आधी सांगून ठेवतं, म्हणून दर चार तासांनी पुढचे 5 ग्रॅम देण्याआधी तीन गोष्टी बघतात: पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान 16 आहेत का, लघवी तासाला किमान 30 मिली होते का. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं की एका श्वासाची चूक चार होते. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिली असेल तर पाय उडणारच नाही, तेव्हा कोपराशी तपासायचं. उशाशी ट्रेमध्ये 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं 10 मिलीचं अँपूल तयार असतं. हा मॅगसल्फवरचा उतारा.

(दृश्य: सलाईनचे थेंब, जवळून.)

थेंबांचं गणितही बघू. 500 मिली आठ तासांत द्यायचं आहे. सेटवर, म्हणजे सलाईनच्या नळीच्या पाकिटावर, 1 मिलीला 20 थेंब लिहिलेत, तर 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं. मिनिटाला 21 थेंब. स्टोअरमधून 15 थेंबांचा सेट आला आणि सवयीनं 21 च लावले, तर बाटली सहा तासांतच संपते. अशा सुजलेल्या बाईच्या फुप्फुसात पाणी भरायला जास्तीचं सलाईन पुरेसं ठरतं. सेटचं पाकीट फेकण्याआधी वाचायचं, एवढंच.

(दृश्य: नवजात बाळाचं रडणं. लेबर रूम.)

दुपारी मुलगी झाली. मिनिटाच्या आत गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन 10 युनिट द्यायचं, पण त्याआधी सिस्टरचा हात पोटावर जातो: आत दुसरं बाळ नाही ना? मग पाच-पाच युनिटची दोन अँपूल फ्रीजमधून.

वार पडली. रक्त किती गेलं, हे डोळ्यांना बहुधा कमीच वाटतं. नाडी 112, वरचा रक्तदाब 110. वेगवेगळे बघितले तर दोन्ही आकडे फारसे घाबरवत नाहीत. नाडीला रक्तदाबानं भागलं की उत्तर एकच्या वर जातं. बाळंतिणीत ते 0.9 च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. सिस्टर गर्भाशय चोळते, डॉक्टरांना हाक मारते, पाळीतली दुसरी सिस्टर रक्तपेढीला फोन लावते. अर्ध्या तासानं नाडी 94 वर येते.

(दृश्य: संध्याकाळ. भिंतीवरचं घड्याळ.)

सहा वाजले. मॅगसल्फच्या पुढच्या डोसची वेळ. प्रसूतीनंतरही तो 24 तास चालू ठेवायचा असतो. पाय उडतोय. श्वास 18. सिस्टर खाली वाकून लघवीची पिशवी उजेडात धरते.

चार तासांत 80 मिली. हवी होती 120.

पाच अँपूल ट्रेमध्ये तशीच राहतात. ती चार्टवर वेळ टाकते, शेजारी 80 लिहिते, आणि डॉक्टरांना बोलवायला वळते. खाटेवर बाई लेकीकडं तोंड करून झोपली आहे.