कोयत्याचा करार

[दृश्य: माढा तालुक्यातला उसाचा फड. पहाट. मोबाईलच्या बॅटरीचे हलते उजेड.]

फडात अजून दिसत नाही, पण तोड सुरू आहे. नवरा बुडख्यातून ऊस तोडतोय, बायको वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, छाटून मोळी बांधतेय. फडाच्या भाषेत ही दोन माणसं नाहीत, हा एक कोयता आहे. एकटा आला तर अर्धा कोयता.

सोलापूर जिल्ह्यात उजनीचं पाणी फिरलं, ऊस वाढला, कारखाने वाढले. तोडणारे हात मात्र बाहेरचेच राहिले: धारूर, वडवणी, पाथर्डी, भूम, परांडा. दसरा-दिवाळीनंतर येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की जातात. ही माणसं कामाला लागतात कशी, ते आधी पाहू. कारण पुढची बहुतेक भांडणं तिथंच पेरलेली असतात.

[दृश्य: स्टँप पेपर, सह्या, शिक्के.]

कारखाना मजुराशी करार करत नाही. तो करार करतो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, म्हणजे बहुधा ट्रॅक्टरमालकाशी. मालक कारखान्याकडून किंवा कारखान्याच्या हमीवर बँकेकडून रक्कम उचलतो. ती मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्याला देतो, मुकादम ती कोयत्यांत वाटतो. ही उचल, कामाआधीच दिलेली रक्कम. पावसाळ्यात पेरणी, लग्न, दवाखाना अशी नड असते, तेव्हाच ती घेतली जाते.

कारखाना आणि मालक यांच्यात स्टँप असतो. मालक आणि मुकादम यांच्यात नोटरी असते, कोरे धनादेश असतात. मुकादम आणि कोयता यांच्यात काय असतं? वही. तीही मुकादमाच्या घरी.

आता हिशेब मांडू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांच्या बोलणीत तोडणीदर ३४ टक्के वाढला आणि टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं, ते या दराच्या वर वेगळं. एका कोयत्याची दिवसाची तोड दोन टन धरा. एक लाख उचल असेल तर ती फिटायला २७३ टन तोडावे लागतात, म्हणजे १३७ दिवस. कारखाना शंभर दिवसांत बंद झाला, तर एकही खाडा, म्हणजे बुडालेला दिवस, न होता तोड होते दोनशे टन आणि कमाई ७३,२०० रुपये. कोयत्याच्या अंगावर २६,८०० बाकी. शिवाय दर आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, तीही वहीत चढते. हजार रुपये धरली तर चौदा आठवड्यांचे चौदा हजार. बाकी झाली ४०,८००. कुणी कुणाला फसवलेलं नाही आणि तरीही माणूस कर्जात परत जातो. पाऊस कमी, ऊस कमी, हंगाम आखूड: बाकी वाढवायला एवढं पुरतं.

यात खाड्याची भर पडते. आजारपणाने दिवस बुडाला की पाचशे रुपये, कुठं त्याहून जास्त, कापले जातात. पाळीच्या दिवसांत बाईने बसायचं ठरवलं तर कोयता अर्धा पडतो, पण खाडा मात्र पुरा लागतो. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या प्रकरणांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने चौकशी केली, त्यात या खाड्याचाही धागा होता.

[दृश्य: कारखान्याचा वजनकाटा. ट्रॉल्यांची रांग.]

कायदा काय म्हणतो? १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उचलीला हात लावतो. उचलीपोटी माणसाला काम सोडू न देणं, अडवून ठेवणं ही वेठबिगारी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, आणि ते कर्ज कायद्याने संपतं. तक्रार प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची.

स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा मात्र राज्याची हद्द पाहतो. कर्नाटकातल्या इंडीहून अक्कलकोटला आलेली टोळी त्यात बसायची. वडवणीहून माळशिरसला कितीतरी लांबून आलेली टोळी बसायची नाही, कारण दोन्ही गावं महाराष्ट्रात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे, आंतरराज्य हा शब्द तिथंही आहेच. या हद्दीचा फडावरच्या जगण्याशी काडीचा संबंध नाही, हे आमचं मत.

राज्याच्या आत आधार आहे तो गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा. त्यासाठी गावच्या ग्रामसेवकाकडे नोंद करून ओळखपत्र घ्यावं लागतं आणि ते गाव सोडण्याआधीच. टोळी ट्रॅक्टरमध्ये बसली की पाच महिने ग्रामसेवक भेटत नाही.

मालकांची बाजूही खोटी नाही. एकच मुकादम दोन-तीन मालकांकडून उचल घेतो, येतो एकाकडे किंवा कुणाकडेच नाही. बँकेचा हप्ता मालकाच्या सातबाऱ्यावर. मग मालक गाडी काढून मुकादमाच्या गावी जातो, कुणालातरी उचलून आणतो आणि फिर्यादीचा आरोपी होतो. फसवणुकीची फिर्याद द्यावी, दिवाणी दावा लावावा. माणूस डांबून वसुली होत नाही.

टाळायचं असेल तर रक्कम एकरकमी मुकादमाच्या हाती देऊ नका. प्रत्येक कोयत्याचं आधार कार्ड आणि बँक खातं घ्या, पैसे थेट खात्यावर टाका. करारात टनाचा दर, खर्ची, जाण्यायेण्याचं भाडं, आजारपणाचे दिवस आणि हंगाम लवकर संपला तर बाकीचं काय, हे पाचही लिहा. शेवटचं कुणीच लिहीत नाही, भांडण नेमकं त्याचंच होतं.

मजुरासाठी एकच सवय. खेप काट्यावरून आली की वजनपावतीचा फोटो काढायचा आणि तारखेसह टोळीच्या ग्रुपवर टाकायचा. एक खेप अनेक कोयत्यांची असते, त्यामुळे कुणाचे किती टन तेही तिथंच लिहायचं. मुकादमाच्या वहीसमोर ठेवायला दुसरा कागद नसतो.

शेतकऱ्यालाही एक सांगायला हवं. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च एफआरपीतून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा होऊनच बिल हाती येतं. त्यावर एकरामागे टोळीची खुशाली, ड्रायव्हरची एंट्री, असे वरचे पैसे. पैसे मागितले तर कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. पण ऊस वाळत असतो, तोड पुढच्या बांधावर जायच्या बेतात असते, आणि शेतकरी पैसे देऊन मोकळा होतो.

[दृश्य: कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, मोडलेल्या. ट्रॉलीत भांडी, शेळी, झोपलेली पोरं.]

मार्च. पट्टा पडला. मुकादम शेवटचा हिशेब वाचून दाखवतो: तोड दोनशे टन, बाकी ४०,८००. आषाढात नवी उचल मिळेल, तेव्हा वहीच्या पहिल्या ओळीत हाच आकडा असेल.